आशब्रुकचं उघडं दार

स्वेटर काढू नका. हे दार आता संध्याकाळपर्यंत उघडंच राहणार. बर्फ पडो नाहीतर पाऊस, आशब्रुकची गावसभा भरली की दार लावायचं नाही, ही इथली रीत. चौकटीला त्या लोखंडी कड्या दिसताहेत ना, त्यांत पूर्वी ओकचा जाड अडसर बसायचा. तो कसा गेला, ते असं सांगतात.

अमेरिकेची इंग्लंडच्या राजाशी लढाई चालू होती. आमच्या मॅसॅच्युसेट्सने स्वतःची नवी राज्यघटना लिहिली होती आणि ती मंजुरीसाठी गावोगाव फिरत होती. आमच्या सभेचा प्रमुख एबेनेझर थॉर्न. मोठा करारी माणूस, दोन्ही मुलगे लढाईवर गेलेले. त्याच्या घरी फिबी नावाची गुलाम बाई होती. सात वर्षांची असताना तिला आणली होती म्हणे.

त्या वर्षी मे उजाडला तरी थंडी हटली नव्हती. थॉर्नचे पाय शेकायला निखाऱ्यांची पेटी घेऊन फिबी इथे सभेत आली, तेव्हा तो घटनेचं पहिलंच कलम वाचून दाखवत होता : सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. फिबीने पेटी ठेवली, पण ती हलली नाही. तिने विचारलं, "सगळी म्हणजे कोण, मालक?"

थॉर्नने तिला बाहेर घालवलं आणि अडसर घालायला लावला. तेवढ्यात बाहेरून तिचा आवाज आला.

"हे मंजूर झालं तर मी तुमच्या घरी परत येणार नाही. नामंजूर झालं तर येईन. काय ठरतं ते ऐकायला मी इथे उभी आहे."

आत साठ माणसं. कुणी कुणाकडे बघेना. गावात आणखी चार घरी गुलाम होते आणि ते चौघे मालक पुढच्याच बाकावर होते. त्यांतल्या एकाने सुचवलं, हे कलम सोडून पुढचं घेऊ.

मग मागून अ‍ॅमॉस विटलॉक उठला. हा गावचा लोहार, लढाईत डावा हात गमावून आलेला. एका हाताने त्याला अडसर निघेना, आणि मदतीला कुणी उठलं नाही. शेवटी खांदा लावून त्याने तो काढला आणि बाहेर फेकून दिला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "मी कशासाठी लढलो ते हिला ऐकू द्या. मग हात वर करा, नाहीतर खाली ठेवा."

एक हात वर गेला, मग दुसरा. पुढच्या बाकावरचे चौघे तसेच बसून राहिले. थॉर्नने दोनदा मोजलं. मग तो म्हणाला, "मंजूर."

फिबीने कमरेचा एप्रन सोडला, घडी करून पायरीवर ठेवला आणि ती टेकडी उतरू लागली. थॉर्न दोन पावलं दाराकडे आला. विटलॉक वाटेतून हलला नाही. खाली जाताना थॉर्नचं घर लागायचं. सगळे श्वास रोखून बघत होते. ती त्या घरावरून पुढे गेली.

कोर्टाचा निकाल येऊन बाकीच्या चार घरांतले गुलाम सुटायला आणखी तीन वर्षं लागली. फिबी ऐंशी वर्षं जगली, तरी तिला मत देता आलं नाही. पण दरवर्षी सभेला ती दारात येऊन उभी राहायची. थॉर्न तिच्याशी पुन्हा कधी बोलला नाही म्हणे. मतं घेण्याआधी मात्र तो थांबायचा आणि दाराकडे बघायचा.

आजही हात वर करायला सांगण्यापूर्वी सभापती दाराशी जाऊन बाहेर विचारतो, "कुणी राहिलंय का?" बहुतेकदा उत्तर येत नाही. तरी तो जरा वेळ तिथेच उभा राहतो, आणि तोवर आत कुणी हात वर करत नाही.