सुनांचा खडक

“पण तिला काही कळू न देता माहेरी धाडायची कशी, बाबा?”

दर्ग्याच्या भिंतीपलीकडून नवऱ्याचा आवाज आला. ‘ती’ म्हणजे मी. लग्नाला एकवीस दिवस झाले होते, आणि मी भिंतीच्या अलीकडे चपला काढत होते.

मी खोकले. दोघे गप्प झाले.

आमचं बेट म्हणजे मुळात ज्वालामुखीचा डोंगर. फार पूर्वी त्याचा माथा आत कोसळला आणि त्या खळग्यात समुद्र शिरला. उरलेल्या काठावर आम्ही राहतो. नवरा, दत्ताराम, इथली जमीन किती उचलली जाते ते यंत्रानं मोजतो. त्याला पोहायला आणि वारा ओळखायला शिकवलं ते दर्ग्यातल्या या हुसेनबाबांनी.

बाबा आम्हाला खाली पाण्याशी घेऊन गेले. पुनवेची दुपार होती, भरती चढत होती. इथली भरती-ओहोटी जेमतेम हातभर. नव्या सुनेनं पहिल्या पुनवेला, पाणी टेकेल तिथं खडकावर छिन्नीनं रेघ ओढायची, अशी रीत. रेघ ओढली की ती बेटाची झाली.

“आज रेघ नको, बाबा,” नवरा म्हणाला. “तीन वर्षांत जमीन हातभर वर आलीय. खाली काहीतरी भरतंय.”

“तुझं यंत्र किती वर्षांचं?”

“तीन.”

“म्हणजे अजून बोबडं बोलत असेल.”

मी हसू ओढणीत लपवलं.

बाबांनी काठीनं वर दाखवलं. दोन पुरुष उंचीवर, कोरड्या कातळात एक रेघ होती.

“तुझ्या पणजीची. होडीत उभी राहून ओढली तिनं.”

होडीत! जिथं आता पाखरांची घरटी होती, तिथं तेव्हा होडी तरंगत होती… समुद्र कुठं गेला नव्हता. आमच्या पायांखालचा डोंगरच वर आला होता, कुणाला न सांगता.

खाली आजेसासूबाईंची रेघ. छातीशी सासूबाईंची.

“तेच म्हणतो मी!” नवरा म्हणाला. “सारखी वरच येतेय. एक दिवस फुटणार.”

बाबांनी त्याला पालथं झोपवलं, मनगट धरलं आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला.

“चाचप.”

“…रेघा आहेत.”

“किती?”

“पुष्कळ. खाली… आणखी खाली…”

“तू लहान होतास तेव्हा तिथवर हात पोचत नव्हता. त्यांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नाहीत.”

म्हणजे जमीन कधीतरी आजच्याहून उंच होती. मग बुडाली. मग पुन्हा निघाली. डोंगर एकदा कूस बदलतो, तेवढ्यात चार पिढ्यांच्या सुना येऊन जातात.

नवरा उठून बसला. बाही निथळत होती.

“म्हणजे फुटणार नाही?”

“असं मी म्हटलं नाही.”

“मग फुटणार?”

“असंही म्हटलं नाही.”

नवरा बाही पिळू लागला.

“तू राहणार?” बाबांनी विचारलं.

“मला राहायलाच हवं. मोजायला माणूस नको?”

“आणि हिला विचारलंस?”

नवरा माझ्याकडे बघायला लागला, जणू मी आत्ताच होडीतून उतरले होते. बाबांनी छिन्नी पुढं केली.

मी ती घेतली, पाण्याच्या कडेला टेकवली… आणि थांबले.

“अजून दोन बोटं पाणी चढायचंय,” मी म्हणाले. “तोवर थांबा दोघंही.”