निळ्या अंड्यांच्या कोंबड्या

बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, ही फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट.

एका डोंगराळ राज्यात गोजरा नावाची बाई राहत होती. तिने माहेरहून तीन कोंबड्या आणल्या होत्या. त्यांची अंडी आभाळासारखी फिकट निळी असत. राणीला ती इतकी आवडली, की दर सणाला राजवाड्यातून टोपलीभर अंड्यांची मागणी येऊ लागली.

गोजराचा नवरा धुळोबा गावात ताठ मानेने फिरू लागला. निळ्या अंड्यांच्या कोंबड्या वाढवायच्या म्हणून त्याने लांबच्या बाजारातून कोंबडा आणला. लालभडक तुरा, सोनेरी पिसे. येणारा-जाणारा थांबून बघे.

पिल्ले मोठी झाली, पण त्यातल्या निम्म्या तलंगांनी, म्हणजे तरण्या कोंबड्यांनी, तांबूस अंडी घातली.

"तुझ्या कोंबड्यांचं रक्तच खोटं," धुळोबा म्हणाला आणि त्याने त्या तलंगा कापल्या.

गोजरा चाचरत म्हणाली, "अहो, त्यांच्या आयांची अंडी निळीच आहेत ना? रंग बापाकडूनही येतो. एकदा कोंबडा बदलून बघा."

"एवढ्या देखण्या कोंबड्यात खोट? तुला काय कळतं!"

पुढच्या वर्षी तेच झाले. जिच्या लेकींनी तांबूस अंडी घातली, ती आईही त्याने कापली. असे करता करता तिसऱ्या वर्षी माहेरची एकच म्हातारी कोंबडी उरली. गोजराने ती पदराआड लपवून शेजारच्या कुंभारणीला दिली.

वर्ष गेले. सणाला राजवाड्याचे शिपाई कुंभारणीच्या दारी थांबले. तिची टोपली निळ्या अंड्यांनी भरली होती.

धुळोबा धावत गेला. "ही कुठून आणलीस?"

"तुमच्याच म्हातारीच्या लेकींची, दादा. कोंबडा तेवढा माझा. करड्या रंगाचा, साधाच. पण गोजराच्या माहेरच्या निळ्या अंड्यातून निघालेला."

धुळोबा घरी आला. सोनेरी कोंबडा उकिरड्यावर ऐटीत उभा होता. धुळोबाने त्याची मान मुरगळली.

"त्याला कशाला मारलंत?" गोजरा म्हणाली. "त्याने कुठे म्हटलं होतं, त्या कोंबड्यांना कापा म्हणून?"

धुळोबा खाली बसला. "गोजरा, माझं चुकलं."

"मला काय सांगता? त्यांना सांगा."

ती आत निघून गेली. त्या अंगणात तिने पुन्हा कधी दाणे टाकले नाहीत.

तात्पर्य : दोष कुणाचा हे न तपासता दुबळ्याला शिक्षा करणाऱ्याला खरे कळते, तेव्हा माफी मागायलाही कुणी उरलेले नसते.