सांजेची हाक

"सांजेची हाक ज्यानं चुकवली ना, त्याचं घरटं म्हणे..." साळुंकी चिमणीच्या कानाशी एवढंच बोलली आणि बुलबुलीला पाहून गप्प झाली.

फार जुनी गोष्ट आहे. नांदुरकीच्या झाडावरचे सगळे पक्षी दिवस मावळताना मिळून हाक द्यायचे. एखादा आवाज कमी वाटला, की बाकीचे त्याला शोधायला निघायचे. रीत होती ती एवढ्यासाठीच. पुढे शेंड्यावरचा तांबट पक्षी सांगू लागला, "ही हाक झाडदेवाची आहे. चुकली तर देव कोपतो."

साळुंकी कुजबुजली त्याच सांजेला बुलबुलीचं पिल्लू तापानं फणफणलं होतं. कलकलाटानं दचकायचं बिचारं. ती त्याला पंखाखाली घेऊन मुकाट बसली.

"काय गं, गळा बसला का तुझा?" साळुंकीनं वाकून विचारलं.

"पोर आजारी आहे, ताई. माझ्या वाटची हाक तुम्हीच द्या ना."

"अगंबाई, असं कुठं चालतं? तांबटदादा काय म्हणतील?"

सकाळी बुलबुल चारा घेऊन आली, तर घरटं खाली पडलेलं. पिल्लू गार झालेलं. वाऱ्यानं पानसुद्धा हललं नव्हतं. साळुंकीच्या चोचीला मात्र बुलबुलीनं घरट्याला गुंडाळलेलं कोळिष्टक चिकटलं होतं.

"देवाची मर्जी, बाई," साळुंकी म्हणाली, पण तिनं वर पाहिलं नाही.

सांजेला बुलबुलीनं सगळ्यांच्या आधी हाक दिली. जाणार कुठं? झाडावर नव्यानं राहायला आलेल्या शिंपीण पाखरानं तिला हळूच विचारलं, "मावशी, देव खरंच घरटं पाडतो?"

"घरटं पडतं, बाळा," बुलबुल म्हणाली. तांबट वरून पाहत होता, म्हणून पुढचं तिनं गिळलं.