बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी

"...पण बाई, इतका मूर्खपणा?" श्रीरंगला हसू आवरेना. "विषाणू आपलं न्यूक्लिक आम्ल, म्हणजे आपला जनुकीय मजकूर, जिवाणूत सोडतो. आत प्रथिनं बनवणारे हजारो रायबोसोम. ते काय करतात, तर तो मजकूर निमूटपणे वाचतात आणि शत्रूचीच प्रथिनं बनवत बसतात. एकालाही शंका येऊ नये?"

त्याच्या मार्गदर्शक खानोलकरबाई काचपट्टी पुसत होत्या. चाळीस वर्षं जिवाणूंत गेलेली बाई, पण बोलणं मोजूनमापून.

"तुला आली असती?"

"मला? मी डोळे उघडे ठेवून काम करतो."

श्रीरंगची स्वारी सध्या हवेत होती. तीन वर्षं खपून एक जिवाणू वाढवला होता, पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा होता. डीप फ्रीजमध्ये गोठवलेल्या त्याच्या नळ्या गेल्या, की सगळंच गेलं.

बाईंनी पुसलेली काचपट्टी जागेवर ठेवली.

सोमवारी त्याच्या टेबलावर चिठ्ठी होती. बाईंचं तेच तिरपं अक्षर. 'डीप फ्रीजच्या चौथ्या कप्प्यातल्या सगळ्या नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये टाक.'

बाईंचा शब्द म्हणजे शब्द. रविवारी त्यांनी कप्पे नव्याने लावले होते, हे याला कुठं ठाऊक? नळ्यांवर बर्फ चढला होता. तो पुसून नावं बघावीत, हे डोक्यातही आलं नाही. त्याने टोपली भरली, ऑटोक्लेव्हचं झाकण आवळलं आणि वाफेत सगळं मरेपर्यंत खुशाल शीळ घालत उभा राहिला.

झाकण उघडलं. बर्फ केव्हाच वितळला होता. नळ्यांवर पेन्सिलीनं लिहिलेलं नाव स्वच्छ दिसत होतं.

त्याचंच.

  टोपली छातीशी धरून तो कसाबसा बाईंच्या खोलीत शिरला.

"बाई, हे... माझं... तीन वर्षांचं..."

त्याने टोपली त्यांच्या टेबलावर ठेवली.

बाई उठल्या. कोपऱ्यातला आपला छोटा फ्रीज उघडून त्यांनी एक डबा त्याच्यापुढे ठेवला. आत त्याच जिवाणूच्या नळ्या होत्या. दुसरा संच, जिवंत.

श्रीरंगनं एक नळी उचलून नाव वाचलं. आधी हायसं वाटलं, मग कानशिलं तापली.

"फसवलंत मला! मी शंका घेणार तरी कशी? अक्षर तुमचं होतं!"

बाईंनी चष्मा काढला. 

"विषाणूचं अक्षर तरी रायबोसोमाला कुठं परकं असतं, बाळा?"