न्हाणीच्या पाण्यावरचा सोनटक्का

नागखोल गावात सोहंगिरी महाराज आले तेव्हा पाऊस जाऊन महिना झाला होता. तरी महाराजांची छाटी ओली होती. भाविकहो, ती पुढचे नऊ दिवस वाळली नाही.

तिथे पावणाईच्या देवळामागे देवीचं पोफळीचं आगर आहे. इतकं दाट, की भर दुपारी दिवा लावावासा वाटतो. आगराच्या कडेला द्वारकाबाईंची झोपडी, मागे न्हाणीची शिळा, आणि शिळेवरचं पाणी वाहून जाई तिथे सोनटक्क्याचा वाफा. कंद मथीने लावलेले. मथी म्हणजे द्वारकाबाईंची लेक. रोज या शिळेवर बसून अंघोळ करायची. तीन वर्षांपूर्वी, नऊ वर्षांची असताना, तापाने गेली.

सोनटक्क्याला ऊन नको, पण मुळाशी ओल सतत हवी. द्वारकाबाई आगराच्या पाटाचं पाणी शिळेवर ओतत, वाफ्यात कुजका पाला घालत, आणि नवरात्रात नवमीला देवीला फुलांची वेणी वाहत.

आगराचा कारभार पुजारी रंगनाथभटांकडे होता. महाराज आले त्या वर्षी, नवरात्राच्या तोंडावर, देवळासमोर चारचौघांत ते म्हणाले, "अगो द्वारके, न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली फुलं देवीला? उद्या अळूचं फदफदं वाहशील!"

लोक खो-खो हसले.

"पाट बंद. सांडपाण्यावाचून फूल येऊ दे. नवमीला दिसलं नाही तर वाफा खणून पानवेली लावतो."

"भटजी, लेकीच्या हातचं तेवढंच उरलंय हो."

"मग लेकीलाच सांग पाणी घालायला."

आणि त्यांनी पाटाच्या तोंडाशी दगड लावला.

पहिला तांब्या

घटस्थापनेच्या दुपारी महाराज झोपडीशी आले. "बाय, तुझ्या शिळेवर अंघोळ करू?"

"महाराज, पाणी नाही हो. प्यायला घागरभर मिळतं."

"त्यातलं तांब्याभर दे."

द्वारकाबाईंनी दिलं. महाराजांनी एक तांब्या अंगावर घेतला आणि ते निघून गेले.

ते गेल्यावरही शिळेवर पाणी पडत राहिल्याचा आवाज येत होता.

दुसरा तांब्या

दुसऱ्या दिवशीही महाराज तांब्याभर पाणी अंगावर घेऊन गेले. या वेळी द्वारकाबाई आवाजाच्या मागे गेल्या. शिळेवर कुणी नव्हतं. शिळा ओली होती, आणि तिच्यावर पावलं उमटली होती. लहान.

त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला. संध्याकाळी महाराजांचे पाय धरून विचारलं, "कोण येतं? माझी मथी?"

महाराज म्हणाले, "पावलं मोजू नकोस, बाय. वाफ्यात पाला घाल."

तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सातवा, आठवा

पाट कोरडा. वाफ्यात चिखल.

वळलेली पानं उलगडली. दांड्यांच्या टोकांना हिरवे तुरे आले. कळ्या मिटलेल्या.

नववा

नवमीला भर दुपारी रंगनाथभट कुदळ घेऊन आले. ही बाई पाट फोडते अशी त्यांची खात्री होती. आधी दगड पाहिला. दगडावर कोळ्याचं जाळं, अखंड.

"फूल कुठाय, बुवा?" त्यांनी महाराजांना विचारलं.

"अजून एक तांब्या राहिलाय."

"मोजत बसा!" रंगनाथभटांनी वाफ्यावर कुदळ उगारली.

मागे शिळेवर पाणी पडलं.

ते वळले. द्वारकाबाई झोपडीच्या दारात, महाराज पोफळीला टेकलेले. शिळेपाशी कुणीच नाही. तरी तिथूनच आवाज आला, अंघोळीत रमलेल्या पोरीचा:

"पाठ चोळून दे ना."

कुदळ हातातून गळाली. कोरड्या मातीवर एक ओलं पाऊल उमटलं. मग त्यापुढे दुसरं. देवळाकडे.

रंगनाथभट मागे गेले. जाणं त्यांच्या हाती राहिलंच नव्हतं म्हणा! पावलं बंद गाभाऱ्यापर्यंत आली आणि दाराखालून आत गेली. किल्ली त्यांच्याच कडोसरीला. त्यांनी कुलूप काढलं.

देवी निथळत होती. दगडी पायांना आगराचा काळा चिखल लागला होता, बोटांत कुजका पाला. आणि रंगनाथभटांनीच सकाळी घातलेला झेंडूचा हार बाजूला काढून ठेवला होता, अंघोळीला बसताना मूल कपडे काढून ठेवतं तसा.

अहो, ज्या पाण्याला ते सांडपाणी म्हणाले, ते कुणाच्या अंगावरून आलं होतं!

रंगनाथभट धावत परतले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांची छाटी कोरडी ठणठणीत होती.

"माझे पाय कशाला धरता? तिचे धरा."

ते द्वारकाबाईंपुढे वाकले. "आई, चुकलो."

"पाट सोडा, भटजी," द्वारकाबाई म्हणाल्या. "आणि ती कोण होती ते मला सांगू नका."

रंगनाथभटांनी नखं फुटेपर्यंत ओढून दगड काढला. मग शिळेशी येऊन गुडघे टेकले, तिच्यावर कपाळ ठेवलं, आणि बराच वेळ तसेच राहिले.

शिळा ऊन होती. नुकतंच कुणीतरी कढत पाण्याने न्हायल्यासारखी.

त्यांनी डोकं उचललं तेव्हा, संध्याकाळी उमलणारा सोनटक्का त्या अंधाऱ्या आगरात भर दुपारी उमलला होता. सगळा. एकदम.