येसायची रताळी

रताळं कशाला म्हणतात हे आपल्या मुलखात कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नावखेडला येसाय नावाची म्हातारी नाव चालवायची. एका फिरंग्याने भाड्यापोटी तिच्या हातावर ओल्या फडक्यातले वेलाचे तुकडे ठेवले, असं म्हणतात. गाव पोट धरून हसलं. येसायला शेत कुठलं! तिने ते नदीकाठच्या वाळूत खोचले. त्या वाळूवर कुणी हक्क सांगत नसे, कारण गावातली दगावलेली लहान मुलं तिथे पुरत.

त्या वर्षी पिकं करपली आणि पौषातच कणग्या रिकाम्या झाल्या. रखमाजी पाटलाची दोन वर्षांची तानी भुकेने गेली. पाटलाने स्वतःच्या हातांनी तिला त्या वाळूत ठेवलं.

माघातल्या एका सकाळी तो लेकीपाशी दिवा लावायला गेला आणि जागच्या जागी थिजला. येसाय गुडघ्यांवर बसून वाळू उकरत होती. तिच्या हातात काहीतरी तांबूस, मातीने माखलेलं होतं, बाळाच्या दंडाएवढं. शेजारी जाळ पेटला होता. म्हातारी त्यात ते भाजत होती आणि खात होती!

"धावा रं धावा! ही बया आपली पोरं खातीया!"

गाव धावत आलं. येसाय हसतच उठली, हातातलं पाटलापुढे धरून म्हणाली, "घे लेकरा, तुमच्यासाठनंच..."

पहिला दगड पाटलाचा होता. सांगायचीही लाज वाटते, पण तो शेवटचा नव्हता.

म्हातारी पडली, तिच्या हातातलं दुभंगलं. आत हाड नव्हतं, रक्त नव्हतं. पांढराशुभ्र गर होता आणि गोड वाफ निघत होती. पाटलाने वर पाहिलं. तिच्यामागे वाळूवर ढीग मांडलेले होते, गावात जितकी घरं तितके. तानीच्या जागेला तिने हातसुद्धा लावला नव्हता.

गावाने ती रताळी रडत रडत खाल्ली. पुढचा पाऊस येईपर्यंत ते ढीग सरले नाहीत, असं म्हणतात. येसाय पडली तिथून वेल उठला आणि तीन दिवसांत सारा काठ हिरवा झाला, असंही म्हणतात.

नावखेडला आजही माघात रताळी निघतात, तेव्हा पाटलाच्या घरचा कर्ता माणूस बोडक्या डोक्याने वाळूत जातो. पहिलं रताळं हाताने उकरतो. ते तोंडाला लावण्याआधी साऱ्या गावादेखत तीनदा मोठ्याने विचारतो, "येसाय, काय खणतीस गं?"

तेवढं त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं.