अर्धं नाव

क्षयाच्या रुग्णांना अंडी-शेंगदाणे फुकट मिळावेत म्हणून आमच्या नगरपालिकेने मोबाइलवर कुपनं काढली. ती बनवणाऱ्या शलाका वाघचौरे बाईंनी अशी सोय केली, की दुकानदाराला कुणाचंच नाव कळू नये. मुख्याधिकारी धनवटेसाहेब भर सभेत भडकले.

"नाव नाही? मग एकच कुपन लोक दहा दुकानांत चालवतील! उद्या रुग्णांची यादी प्रत्येक दुकानात लावा."

मी मागच्या बाकावर बसलो होतो. यादी लागली असती, तर घरमालकाने त्याच दिवशी मला खोलीबाहेर काढलं असतं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हे घ्या तुमच्या नावाचं कुपन. लबाडी करून दाखवा. पचली तर यादी मीच लावते."

सभेला दोन दुकानदार आले होते. साहेबांनी पहिल्याकडे कुपन चालवलं. भिंतीवरच्या पडद्यावर नावाचे नुसते तुकडे उमटले, काही केल्या वाचता येईनात. साहेब मिशीत हसले आणि तेच कुपन त्यांनी दुसऱ्याकडे चालवलं. उरलेले तुकडे उमटले, पहिल्यांना जाऊन जुळले आणि पडद्यावर ठळक अक्षरं आली: धनवटे.

"नाव लपवता म्हणालात ना?" साहेब ओरडले.

"पहिल्या वेळी लपवलंच होतं, साहेब. दुसऱ्या वेळी तुम्हीच सांगितलंत."

यादी लागली नाही. खोली राहिली, औषधं पुरी झाली, मी बरा झालो. बाई, तुमचे फार उपकार आहेत. खाली सही मात्र करत नाही. नाव झाकलेलं राहावं म्हणून तर तुम्ही भांडलात.